पाण्याकाठचे प्रश्न : सॅमनला खरं आमिष की ल्यूर?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं, की नदीवर कोहो जातीचा सॅमन धरायला जाणाऱ्याने आमिषाच्या, माशाच्या अंड्यांची बरणी घरी ठेवावी आणि एक चांगला स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचा ल्यूर (खोटं आमिष), खिशात टाकावा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते. पत्रं बहुतेक सिएटलच्या आसपासची आहेत, एक रत्नागिरीहूनही आलं आहे. नियमांबद्दल जे लिहीन ते वॉशिंग्टन राज्यापुरतं समजावं. ऑरेगनचे नियम वेगळे आणि ब्रिटिश कोलंबियाचे त्याहून वेगळे.

माझं लहानपण देवगडला गेलं. कोळंबी नाहीतर गांडूळ लावून आम्ही गरवायचो. गरीला खाणं नसेल तर मासा येणार नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. गेल्या शरदात सुल्तान गावाजवळ स्कायकोमिश नदीवर अंडी लावून सकाळभर उभा राहिलो. शेजारचा माणूस नुसता पत्र्याचा फिरता तुकडा टाकत होता आणि त्यालाच कोहो लागले. जे खाणंच नाही, त्याला मासा तोंड का लावतो?
— एक वाचक, बॉथेल

देवगडच्या खाडीतला मासा भुकेला असतो. स्कायकोमिशमधला कोहो भुकेला नसतो. सगळा फरक इथे आहे.

सॅमन समुद्रातून गोड्या पाण्यात शिरला की खाणं सोडतो. अंगात साठवलेल्या चरबीवर तो नदी चढतो, अंडी घालतो आणि मरतो. चिनूक, कोहो, सॉकआय, पिंक आणि चम, या पाचांचंही तेच. मासा साफ करायला तुम्ही स्वतः बसत असाल तर एकदा मुद्दाम बघा. खाऱ्या पाण्यात धरलेल्या कोहोचं पोट कापलं की आत अर्धवट जिरलेले हेरिंग निघतात, कधी सँड लान्स नावाचे लांबट मासे, कधी बारीक कोळंबीसारखे जीव. नदीत चांगल्याच वर आलेल्या कोहोच्या पोटात काही नसतं. जठर आक्रसून गेलेलं असतं आणि बाकी सगळी जागा अंड्यांनी किंवा नराच्या वीर्याच्या पिशव्यांनी व्यापलेली असते. अशा माशापुढे तुम्ही कितीही ताजी कोळंबी धरलीत, तरी जेवायला म्हणून तो पुढे येणार नाही.

पण झडप घालायची सवय गेलेली नसते. चकाकत पळणाऱ्या वस्तूवर तुटून पडूनच हा मासा समुद्रात मोठा झालेला असतो. अंगावर माशी बसली की आपला हात विचार न करता उठतो, तसं त्याचं तोंड उघडतं. शिवाय तो ज्या डोहात थांबलेला असतो ती जागा तो राखत असतो. तिथे कोणी घुसलं की चिडतो. स्पिनर नेमकं हेच दोन्ही साधतो. पातं फिरताना पाण्यात थरथर उठते आणि ती माशाला अंगाच्या कडेने जाणारी जी संवेदनरेषा असते तिथे जाणवते. गढूळ पाण्यात पातं दिसायच्या आधी तो ते ऐकतो म्हटलं तरी चालेल.

अंडी चालत नाहीत असं मी म्हणत नाही. टाकणखार लावून मुरवलेली अंडी पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटखाली सोडून इथली जुनी माणसं भरपूर चिनूक धरतात, कोहोही धरतात. पण अंडी मासा अलगद तोंडात घेतो, चेपतो आणि सोडून देतो. फ्लोट जरासा थबकतो, तेवढ्यात हिसका द्यायला हवा. नवशिक्याला हे कळेपर्यंत मासा निघून गेलेला असतो. शेजाऱ्याला मिळाले आणि तुम्हाला नाही, याचं माझ्या मते हेच कारण असावं. तुमच्याही अंड्यांना त्या सकाळी तोंड लागलं असेल, तुम्हाला ते कळलं नसेल. स्पिनरवर मासा आदळतो तेव्हा रॉडच सांगते.

आता स्पिनर कसा चालवायचा ते. कोहो धावत्या पाण्यात थांबत नाही. संथ, जरा खोल, कडेला ओंडके पडलेलं पाणी शोधा. नदीचा प्रवाह जिथे वळून परत फिरतो ती जागा उत्तम. प्रवाहाला आडवा, थोडा वरच्या अंगाला टाका. बुडू द्या. मग रिळाचं एक जोराचं वेटोळं, म्हणजे पातं फिरू लागेल, आणि त्यानंतर इतकं हळू गुंडाळा की पातं कसंबसं फिरत राहील. रॉडच्या टोकाला ठक-ठक-ठक अशी एक लय येते. ती लय बोटांना ओळखीची झाली की निम्मं काम झालं. लय तुटली की एक तर पात्यात पाला अडकलाय किंवा मागे मासा आहे.

पाणी नितळ असेल तर हे डोळ्यांनी दिसतं. हिरवट पाण्यातून एक करडी सावली स्पिनरच्या मागे हातभर अंतर राखून येत राहते. तुम्ही थांबलात तर तीही थांबते आणि वळून जाते. अशा वेळी थांबू नका, उलट गुंडाळण्याचा वेग किंचित वाढवा. पळून चाललंय असं वाटलं की ती सावली पुढे झेपावते. तोंड उघडतं तेव्हा आतला पांढरा रंग क्षणभर चमकतो. हिसका त्यानंतर द्या, आधी नाही.

रंगाचं सूत्र सोपं ठेवा. पाणी गढूळ असेल तर मोठं पातं आणि भडक रंग, म्हणजे पोपटी-पिवळा किंवा नारिंगी. पाणी कमी आणि नितळ असेल तर लहान पातं, फिकी चांदी किंवा काळा. आणि पहाटे जा. सूर्य पाण्यावर आला की कोहोचं तोंड मिटतं. नंतर दुपारभर ते तुमच्यासमोर उड्या मारतील, पण कशालाही तोंड लावणार नाहीत. त्या वेळी स्पिनर काढून ट्विचिंग जिग लावून बघा. ही शिशाचं डोकं आणि पिसांची किंवा सशाच्या केसांची शेपटी असलेली ३/८ औंसाची गरी असते. टाका, बुडू द्या, टोकाने दोन हलके झटके, पुन्हा बुडू द्या. मासा ती खाली जातानाच उचलतो, म्हणून खाली जाताना दोर सैल सोडू नका.

नवऱ्याने एव्हरेटला छोटी बोट घेतली आहे. आता आमच्या फ्रीझरमध्ये भाज्यांच्या पाकिटांपेक्षा हेरिंगचे ट्रे जास्त आहेत. समुद्रातही ल्यूरने भागत असेल तर मला कृपया तसं छापील उत्तर द्या, मी ते फ्रीझरच्या दारावर लावीन.
— एक वाचक, मिल क्रीक

ताई, नदीबद्दल मी जे म्हटलं ते समुद्राला तसंच्या तसं लागू होत नाही. पजेट साउंडमध्ये, म्हणजे सिएटलजवळच्या समुद्राच्या फाट्यात, सॅमन जेवत असतो आणि हेरिंग हे त्याचं रोजचं जेवण आहे. तेव्हा तुमच्या यजमानांची निवड चुकीची नाही.

पण हेरिंगला मेहनत लागते आणि बहुतेक लोक तीच घेत नाहीत. ट्रे सकाळी घाईत वितळवला की पोट मऊ पडतं, खवले सुटतात आणि गरीवर मासा पंधरा मिनिटं टिकत नाही. आदल्या रात्री जाड्या, आयोडीन नसलेल्या मिठाच्या थंडगार पाण्यात तो मुरवायला हवा. त्या पाण्यात इथले जाणकार थोडी नीळ घालतात. आपण पांढऱ्या कपड्यांना घालायचो तीच. खवल्यांना चांदीची निळसर झाक येते आणि मांस घट्ट राहतं. सकाळी कल्ल्यांच्या मागे तिरका छेद देऊन डोकं काढायचं. त्या छेदाच्या कोनावर सगळं आहे. कोन बरोबर असेल तर हेरिंग पाण्यात जखमी माशासारखा गोल गोल फिरतो. कोहोला घट्ट आणि जलद गिरकी आवडते, चिनूकला संथ आणि रुंद. बोटीच्या कडेला आधी पाण्यात धरून गिरकी बघायची आणि मगच खाली सोडायचा. हे सगळं मनापासून करणाऱ्याला मी ल्यूर घे असं कधी सांगणार नाही.

ज्यांना हे करायचं नाही त्यांनी ल्यूर घ्यावा आणि संकोच करू नये. बोटीवरून ओढायच्या ल्यूरमध्ये मुख्य जोडी म्हणजे फ्लॅशर आणि हूची. फ्लॅशर ही अकरा इंची चपटी पट्टी. ती पाण्यात गोल फिरते आणि दुरून खात्या माशाच्या अंगासारखी चमकते. हूची म्हणजे प्लॅस्टिकचं झालरीसारखं छोटं माकूल. आता हूचीला स्वतःची काही चाल नसते. फ्लॅशर फिरताना दोराला जे झटके देतो तेच तिचं चालणं. म्हणून मधला दोर आखूड हवा, साधारण ३० ते ४२ इंच. दोर लांब ठेवला की झटका वाटेतच विरतो आणि हूची नुसती ओढली जाते. हूचीऐवजी चमचा, म्हणजे स्पून नावाचा धातूचा ल्यूर लावलात तर उलट करा. चमच्याला स्वतःची डुलण्याची चाल असते, त्याला मोकळीक हवी. पाच-सहा फूट दोर द्या. एवढा एक मुद्दा जरी यजमानांनी लक्षात ठेवला तरी मासे वाढतील. धक्क्यावर मी लोकांच्या रिग, म्हणजे दोर-गरीची मांडणी, बघत असते. ज्यांना काही लागलं नाही त्यांच्याकडे बहुतेक वेळा हीच अदलाबदल असते.

खोलीनुसार रंग बदला. पाण्यात तांबडा रंग सगळ्यात आधी जातो. शंभर फुटांवर तुमची लाल हूची काळपट दिसते. हिरवा आणि निळा टिकतात. खोल चिनूकसाठी अंधारात चकाकणारी हूची घ्या आणि सोडण्याआधी तिच्यावर विजेरी मारा. कोहो वरच्या थरात असतो, तिथे हिरवा-पांढरा पुरतो.

ल्यूरचा अजून एक मोठा फायदा म्हणजे मुशी. इथल्या काटेरी मुशींना हेरिंगचा वास लागला की सॅमनच्या आधी त्या येतात, दोर कातरतात, पिळून टाकतात. एखाद्या दिवशी हेरिंग खाली सोडला की मुशीच, दुसरं काही नाही. हूचीवर त्या अगदीच येत नाहीत असं नाही, पण पुष्कळ कमी येतात.

तर छापील उत्तर असं : बोट चालती ठेवून मासे धरायचे असतील तर फ्लॅशर, हूची आणि तीन-चार चमचे पुरतात. बोट बंद करून, पझेशन बारसारख्या ठिकाणी प्रवाहावर वाहत हेरिंग खाली-वर करायचा असेल, ज्याला इथे मूचिंग म्हणतात, तर हेरिंगला पर्याय नाही. त्यासाठी एक ट्रे फ्रीझरमध्ये राहू द्या.

पिंक सॅमनसाठी किनाऱ्यावरून काय टाकावं? माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला बरोबर न्यायचं आहे.
— एक वाचक, लिनवुड

गुलाबी रंगाचं काहीही. मी हे अगदी खरं सांगते आहे. समुद्रात पिंक मुख्यतः बारीक, तांबूस प्लवकांवर आणि क्रिलसारख्या जिवांवर वाढतो. गुलाबी रंगावर तो जसा येतो तसा दुसऱ्या कशावर येत नाही.

इथे पिंकचे मोठे थवे विषम सालांत येतात. २०२५ मध्ये आले होते, आता २०२७ मध्ये येतील. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत भर असतो. किनाऱ्यावरून लिंकन पार्क, पॉइंट नो पॉइंट, व्हिडबी बेटावरचा बुश पॉइंट, आणि एडमंड्सचा धक्का. धक्क्यावर मुलीला उभं राहायला सोपं, कठडा असतो.

मुलीसाठी बझ बॉम्ब घ्या. हिऱ्याच्या आकाराचा धातूचा तुकडा, मधून भोक, दोर त्यातून मोकळा सरकतो. खाली गाठीला मार लागू नये म्हणून रबराचा मणी आणि मग गरी. हा खाली पडताना गिरक्या घेतो आणि मासा तेव्हाच येतो. तेव्हा तिला एवढंच शिकवा : टाक, बुडू दे, रॉड वर उचल, खाली सोड, सैल झालेला दोर गुंडाळ, पुन्हा उचल. मुलांना हे खेळण्यासारखं जमतं. आमिष बदलायला नको, वास नको, हात चिकट नकोत. मासा लागलाच तर तो चारेक पौंडांचा असतो, तिला स्वतःला आणता येतो. रॉड हातातून घेऊ नका.

पंधरा वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही, पण सॅमनसाठी कॅच रेकॉर्ड कार्ड त्यांनाही लागतं. ते आधी काढा. आणि मासा ठेवला की त्याच क्षणी शाईने नोंद करा, गाडीत बसल्यावर नाही.

मी सकाळी पूजा करून निघतो. हाताला कापूर, अष्टगंध असं काही ना काही लागलेलं असतं. नदीवरचा एक मित्र म्हणतो की म्हणूनच मला मासा लागत नाही. सॅमनला खरंच इतका वास येतो?
— एक वाचक, इसाक्वा

येतो, आणि ते ज्या ओढ्यावर सिद्ध झालं तो तुमच्याच गावातून वाहतो.

सॅमन आपल्या जन्माच्या ओढ्याला कसा परततो, हे विस्कॉन्सिन विद्यापीठाचे आर्थर हॅसलर आणि वॉरन विस्बी शोधत होते. त्यांनी इसाक्वा ओढ्याच्या दोन फाट्यांतून कोहो धरले, निम्म्यांच्या नाकपुड्या बंद केल्या आणि सगळे मासे फाट्यांच्या खाली नेऊन सोडले. ज्यांचं नाक उघडं होतं ते बहुतेक आपापल्या फाट्याला परतले. ज्यांचं बंद होतं ते वाट फुटेल तिकडे गेले. हे काम १९५४ मध्ये छापून आलं. पुढच्या वेळी हॅचरीच्या, म्हणजे माशांची पिल्लं वाढवायच्या केंद्राच्या, पुलावर उभं राहाल तेव्हा खालचा प्रत्येक मासा नाकाने वाट शोधत आलाय हे आठवा.

माणसाच्या हाताबद्दलही जुना शोध आहे. माणसाचा हात किंवा अस्वलाचा पंजा पाण्यात बुडवला की खालच्या बाजूचे सॅमन चढता चढता थबकतात, हे कॅनडातल्या संशोधकांना दिसलं होतं. त्वचेतलं एल-सेरीन नावाचं अमिनो आम्ल त्याला कारण आहे, हे त्यांनी १९५६ मध्ये दाखवलं. म्हणजे तुमच्या कापराच्या आधी तुमचा हातच माशाला नको असतो.

कापूर आणि अष्टगंध यांची मला फारशी काळजी वाटत नाही. मला काळजी वाटते ती सनस्क्रीनची, पेट्रोलची आणि डासांच्या मलमाची. पंपावर पेट्रोल भरून त्याच हाताने हेरिंगची गरी लावणारे लोक मी बघते आणि जीव कासावीस होतो. बिनवासाच्या साबणाने हात धुवा, मग नदीच्या वाळूत चोळा, आणि आमिष हाताळताना पातळ हातमोजे घाला. ल्यूरलाही हा त्रास आहे, पण कमी. धातू धुता येतो, आणि तो इतक्या झपाट्याने समोरून जातो की माशाला वास घ्यायला सवड नसते. अंडी मात्र प्रवाहावर हळूहळू माशाच्या नाकासमोरूनच जातात.

पूजा सोडू नका. हात धुवा.

दुकानात ल्यूरवर लावायचे वास मिळतात, बडीशेपेचा, लसणाचा, क्रिलचा. समुद्रात खुशाल लावा. पण नदीच्या नियमात ‘सिलेक्टिव्ह गिअर’ असं लिहिलं असेल तर आमिष चालत नाही आणि वास लावलेला ल्यूरही चालत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहे. आमच्या घरी मासे खातात, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण मुलगा मासा धरतो, गरी काढतो आणि परत सोडतो, तेही पुन्हा पुन्हा. याला काय म्हणावं? खायचा तर खा, नाहीतर त्याला छळू नये. तुमचं मत सांगा.
— एक वाचक, मूळचे पुण्याचे, सध्या समामिश

काका, तुमचा प्रश्न मला मनापासून पटतो. नुसत्या गंमतीसाठी धरा-सोडा करणं मला स्वतःला आवडत नाही. माझ्या वाट्याचे मासे झाले की मी गरी कापून ठेवते, मग नदीत कितीही उड्या पडोत.

पण मुलगा सोडतो ते बहुतेक कायद्याने. इथे हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापून मग त्यांना सोडतात. तो पर नसलेला मासा ठेवता येतो. पर असलेला मासा नदीत आपसूक जन्मलेला, जंगली. तो बहुतेक ठिकाणी परत सोडावाच लागतो. पजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून केंद्राच्या कायद्याखाली धोक्यातली जात म्हणून नोंदलेला आहे. धरल्याशिवाय पर दिसत नाही, म्हणून धरणं आणि सोडणं टळत नाही. मग प्रश्न उरतो तो सोडलेला मासा जगतो का, आणि इथे खरं आमिष आणि ल्यूर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आमिष मासा पुष्कळदा गिळतोही. गरी घशात किंवा कल्ल्यात जाते, आणि कल्ल्यातून रक्त सुटलं की तो मासा पोहत गेलेला दिसला तरी बहुधा वाचत नाही. ल्यूरवर तो आदळतो, गरी ओठाच्या कोपऱ्यात लागते. काट्याला उलटं टोक नसेल तर चिमट्याने अर्धं वळण दिलं की सुटते, मासा पाण्याबाहेर काढावाही लागत नाही. अंड्यांची बरणी घरी ठेवा असं मी लिहिलं त्यामागचं खरं कारण हे आहे. मासे जास्त मिळतात की कमी, हा नंतरचा विचार. ज्या नदीत जंगली कोहो चढतोय त्या नदीत मी आमिष टाकत नाही, नियमाने परवानगी असली तरी.

मुलाबरोबर एकदा नदीवर जा आणि तो मासा कसा हाताळतो ते बघा. जाळी गाठी नसलेली, रबराची हवी. हात ओले हवेत, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मासा दगडावर ओढलेला नको, फोटोसाठी उचललेला नको. तोंड प्रवाहाकडे करून शेपटीच्या बुडाशी धरावं आणि तो स्वतः झटका देऊन निघेपर्यंत धरून ठेवावं. असं तो करत असेल तर त्याला बोल लावू नका. करत नसेल तर खुशाल बोला, माझं नाव सांगून बोला.

आणि आमिष म्हणजेही मासाच की. चेरी पॉइंटच्या किनाऱ्यावर अंडी घालणारा हेरिंग १९७० च्या दशकात या राज्यातला सगळ्यात मोठा कळप होता, आज त्याचा लहानसा अंश उरला आहे. त्या ऱ्हासाचं खापर गरवणाऱ्यांवर फोडता येणार नाही. पण सॅमनचं अन्नच सॅमन धरायला वापरताना माणसाने ते वाया तरी घालवू नये.

ल्यूरचीही बाजू पूर्ण स्वच्छ नाही. ओंडक्यात अडकून तुटलेले चमचे, शिशाची डोकी आणि नायलॉनचा दोर नदीच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून राहतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी पिशवी घेऊन जाते आणि दिसेल ते गोळा करते. वाचकांपैकी कोणी स्नोहोमिशच्या बाजूला राहत असेल तर जरूर या.

पहिल्यांदा सामान घ्यायचंय. दुकानात भिंतभर ल्यूर टांगलेले असतात. थोडक्यात सांगा.
— एक वाचक, रेडमंड

साडेआठ ते नऊ फुटांची मध्यम रॉड, स्पिनिंग रील, त्यावर विणलेला दोर आणि पुढे १२ ते १५ पौंड ताण सोसणारा पारदर्शक लीडर, म्हणजे गरीजवळचा दोराचा तुकडा. ४ नंबरचे दोन स्पिनर, एक चांदी, एक भडक. छोटे पातळ चमचे दोन. स्नोहोमिशवर कोहोसाठी डिक नाइट नावाचे अगदी कागदासारखे चमचे चालतात, त्यांना वर वजन लावावं लागतं. दोन ट्विचिंग जिग. पिंकच्या सालात गुलाबी बझ बॉम्ब. बस. भिंतीवरचं बाकी सगळं पुढच्या वर्षी.

गरीचं उलटं टोक घरीच पकडीने दाबून टाका. पजेट साउंडच्या खाऱ्या पाण्यात सॅमनसाठी ते सक्तीचंच आहे. लायसन्सचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं हे ध्यानात ठेवा. आणि निघण्याच्या आदल्या रात्री राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचे तातडीचे नियम बघा. हंगामाच्या मध्येच एखादी नदी बंद होते, आणि छापील पुस्तिकेत ते नसतं.

भाच्याने सिएटलहून सॅमनचे स्पिनर आणि चमचे पाठवलेत. इथे खाडीत जिताड्याला चालतील का?
— एक वाचक, रत्नागिरी

चमचे चालतील, स्पिनरवर मी भर देणार नाही. जिताडा सॅमनसारखा उपाशी फिरत नाही, तो दबा धरून बसतो. खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या, पुलाच्या खांबांच्या, खारफुटीच्या मुळांच्या आडोशाला थांबतो आणि भरती-ओहोटीच्या धारेत वाहून येणारं सावज तोंड उघडून आत ओढतो. तिथे त्याला कोळंबीच्या आकाराचं मऊ प्लॅस्टिक किंवा छोट्या बोय माशासारखा दिसणारा बुडता ल्यूर द्या. आडोशाच्या अगदी जवळ टाका, दोन झटके, मग थांबा. थांबलेलं असतानाच तो घेतो.

भाच्याच्या सामानात दोन बदल करा. नदीच्या गऱ्या खाऱ्या पाण्यात गंजतात, तेव्हा समुद्राच्या जाड गऱ्या बसवून घ्या. आणि जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी धारदार असते, १५ पौंडांचा दोर ती एका झटक्यात कापेल. पुढे ४० पौंडांचा हातभर लीडर बांधा. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.